आत्याबाईच्या पाच गवऱ्या

आमच्या घरचं तीन पिढ्याचं वांग्याचं बी मी एका सकाळी चाळीस माणसाच्या चहाखाली जाळलं. चहा चांगला झाला होता.

आता पहिल्यापासून सांगते. तेव्हा आमच्या नरखेडकडच्या गावात टीव्ही एकच होता अन् पोरगी माही दहावीले होती. एक दिवस आमचे हे तालुक्याहून कागद घेऊन आले.

"कन्हानच्या पुढं एका वावरात सात दिवसाचं शिबिर हाय. राहणं-खाणं तेथीच. नवरा-बायकोनं जोडीनं यावं लागते म्हणे. परमाकल्चर."

"म्हणजे काय शिकवतेत जी?"

"शेती."

मी तेव्हा कोपरापर्यंत शेणात होती. म्हटलं, "मंग मी हे काय करून राहिली?"

पण मनातून मले जायचं होतं. माहं लगन झालं तेरा वर्षाची असतानी. शाळा चौथी, तेही चौथीचा निकाल पाहाले कोणी गेलंच नाई. तेव्हापासून सासर ते माहेर न् माहेर ते सासर, दुसरी एसटी मले माहीत नव्हती. म्हटलं, सात दिवस दुसऱ्याच्या हातचं खायले भेटन. (तेथी गेल्यावर समजलं, स्वयंपाक शिबिरातल्या बायाईनंच पाळीपाळीनं करायचा होता. त्याले ते श्रमदान म्हणत. घरी त्याले काहीच म्हणत नसत!)

कागदात एक गोष्ट लिहून होती. हरेक जोडीनं आपल्या घरचं एक जुनं देशी बी आणायचं, अन् एका दिवशी सगळ्याईनं एकमेकाले वाटायचं.

आमच्या घरचं बी म्हणजे वांगं. माह्या सासूचं वांगं. सासूले मी आत्याबाई म्हणो. त्यांचं वांगं लहान्या पोराच्या डोक्याएवढं होये, अन् थंडीत तुरीच्या काड्यावर भाजलं का तीन घरं सोडून माणूस विचारत येये, "काय, भरीत का?" भरीत सगळ्याईले भेटे. बी कोणालेच नाई. आत्याबाई पिकलं पिवळं वांगं फोडून बी काढत, ते शेणात कालवून त्याच्या गवऱ्या थापत, अन् गुराच्या कोठ्यातल्या भितीले लावून वाळवत. शेणातल्या बियाले कीड लागत नाई. पाऊस आला का गवरी फोडायची, बी पेरायचं. हे सगळं त्या एकट्याच करत. अठरा वर्षात मले त्या भितीले हात लावू देला नव्हता.

अन् त्या आत्याबाईनं शिबिराच्या आदल्या दिवशी जुन्या लुगड्यात बांधून पाच गवऱ्या माह्या हाती देल्या!

"सगळं बी देलं तुले. फोडून पाहू नोको, हवा लागते. अन् हरवशीन तं घरी येऊ नोको."

माह्या डोळ्यात पाणी आलं. अठरा वर्षानं मी त्या घरची माणूस झाली असं वाटलं.

शिबिरात पुण्याचे एक सर होते. बारीक, उंच, अन् लय गोड बोलणारे. ते सांगत, जमीन नांगरायची नाई, निंदायची नाई, फवारायचं नाई, पालापाचोळ्यानं झाकून ठेवायची. आमचे हे माह्या कानात म्हणत, "हे तं आपल्या चुलतभावाच्या वावरासारखं झालं. तो भी काहीच करत नाई."

बायाईले झोपाले एक मोठी खोली होती. तेथी उंदीर! कुहीकडची रुखमा माह्या बाजूले झोपे. तिनं भोपळ्याचं बी आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पिशवीत नुसती टरफलं. ती रडाले लागली, अन् मी घाबरली. उंदीर तं उंदीर, पण चाळीस माणसं भी होती. कोणाचा काय भरोसा?

मंग मी हुशारी केली. (माह्या आयुष्यात मी तीनदा हुशारी केली, अन् तिन्ही वेळा नुकसान झालं. ही दुसरी.) स्वयंपाकाच्या मांडवाखाली जळणाच्या गवऱ्याचा ढीग होता. माह्या पाच गवऱ्या मी त्या ढिगावर, कोपऱ्यात, ओळीनं ठिवल्या. हरेकीवर कुंकवाचं बोट लावलं. गवऱ्याच्या ढिगातून गवरी कोण चोरन? उंदीर भी शेण खात नाई. मी कोणालेच सांगतलं नाई, आमच्या याईले भी नाई.

पाचव्या दिवशी चहाची पाळी माही अन् रुखमाची होती. सकाळी साडेचारची थंडी, वरून आदल्या दिवशी पाण्याचा शिरवा येऊन गेलेला. लाकडं ओली. कंदिलात रॉकेल नाई. रुखमा फुकणीनं फू फू करून राहिली, अन् चूल आपली नुसती धूर सोडून राहिली.

"अवं कौसल्याबाई, कोरड्या गवऱ्या पाह्य ना! लोकं उठतीन आता."

मी अंधारात ढिगावर हात फिरवला. वरच्या गवऱ्या ओलसर. कोपऱ्यात हात गेला तं पाच गवऱ्या अश्या खणखणीत कोरड्या, का मले आनंद झाला! म्हटलं, कोण्या गुणी बाईनं नीट बाजूले ठिवल्या असतीन.

अश्या पेटल्या! पहिल्या काडीले पेटल्या! चहाचा गंज दहा मिनटात उकळला. आमचे हे दोन कप पिले.

उजाडलं. सर चहाचा कप घेऊन सगळ्याईसमोर उभे राहिले न् म्हणाले, "आज दुपारी तीन वाजता आपलं बियाणे वाटप. आणि एक आनंदाची बातमी. आपल्या कौसल्याताई शेणाच्या गोवरीत बी जपण्याची त्यांच्या घरची पद्धत प्रत्यक्ष दाखवणार आहेत. टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. (गवरीतल्या बियाचं सराईले आमच्या याईनंच सांगून ठेवलं होतं.) मी हसली. हसत हसतच माही नजर मांडवाकडे गेली. कोपरा रिकामा होता.

कप हातातून पडला नाई. अश्या वेळी कप पडते म्हणतेत, पण तो शिबिराचा होता.

रुखमाले मी मांडवामागं ओढत नेली. "रुखमे, ज्या गवऱ्या आपण जाळल्या, त्या कोणाच्या होत्या माहीत हाय?"

"कोणाच्या?"

"माह्या."

"मंग काय झालं? तुह्याच तं होत्या!"

तिले सगळं सांगतलं. ते बाई पहिले मटकन बसली, अन् मंग तोंडाले पदर लावून हसाले लागली. मी म्हटलं, "हसशीन तं तुह्या भोपळ्याचं मी सगळ्याईले सांगीन." ती म्हणे, "सांग. माहं उंदरानं खाल्लं, तुह्यं तूच खाल्लं!"

चुलीतली राख पाहाले गेलो तं चूल साफ! स्वच्छतेच्या पाळीवाल्यानं राख नेऊन केळीच्या खड्ड्यात टाकली होती. आम्ही दोघी चाळणी घेऊन केळीच्या खड्ड्यात उतरलो. कोपरापर्यंत राख, डोक्यावर राख. चाळ चाळ चाळली. एक दाणा नाई. अर्धा जळालेला दाणा भी नाई. (हे ध्यानात ठेवा. मी तेव्हा ठिवलं नाई.)

तेवढ्यात वरून सराईचा आवाज. "बघा, बघा सगळे! सुटीच्या वेळातही या दोघी मातीत हात घालून बसल्या आहेत. याला म्हणतात तळमळ!"

सगळे वरून वाकून आमची तळमळ पाहून राहिले.

तेवढ्यावर भागलं असतं तं बरं होतं. पण आमचे हे धावत आले. "अवं, गावातून निरोप आला. मायले आज नागपुरात सदरले चष्मा घ्याले आणलं हाय. माहा भाऊ दुपारी तिले फटफटीवर बसवून इकडेच आणून राहिला. वाटप पाहाले येते म्हणे. आपलं बी लोकं कसं घेतेत ते तिले पाह्यचं हाय!"

"कोण, आत्याबाई?"

"मंग कोण? तुले आनंद नाई झाला का?"

"लय झाला," मी म्हटलं. राख तोंडात गेली होती, म्हणून आवाज तसा आला.

आता काय करावं? हरवशीन तं घरी येऊ नोको, असं म्हणणारी बाई चष्मा घालून येऊन राहिली! मले पोरगी दिसाले लागली, घर दिसाले लागलं, ती कोठ्याची भित दिसाले लागली. येत्या थंडीत भरीत नाई, त्याच्या पुढच्या थंडीत नाई, कधीच नाई. अन् कारण काय, तं कौसल्येनं चहा केला.

रुखमा तिखटाचा डबा पाहत उभी होती. एकदम म्हणे, "अवं, मिरचीचं बी न् वांग्याचं बी... वाळल्यावर जुळ्या बहिणी नाईत का?"

मी तिच्याकडे पाह्यलं. तिनं माह्याकडे पाह्यलं. वर खुटीले भिवापुरी मिरच्याची पिशवी टांगली होती.

मी सांगते तुम्हाले, बी काढाले वाळल्या मिरच्या हातानं फोडून पाहा एकदा. मी बाळंतपणं केली, मले इंचू चावला, पऱ्हाटीचा कापूस येचता येचता बोटाचं रगत काढलं. त्या मिरच्यासारखं काही नाई. हात पेटले. नाक पेटलं. रुखमानं चुकून डोळा पुसला न् पाच मिनटं एका पायावर नाचली. वारा नेमका वर्गाच्या दिशेनं होता. तेथी सर सांगून राहिले होते, का निसर्गात कीड आपोआप आटोक्यात येते. पहिले एक शिंकला, मंग चार, मंग सगळा वर्ग. सर डोळे पुसत बाहेर आले.

"ताई, हे काय चाललंय?"

रुखमा माह्यापेक्षा हुशार. म्हणे, "कीड पळवून राहिलो, सर."

"छान, छान," सर शिंकत म्हणाले. आत जाऊन त्याईनं ते वहीत लिहून घ्याले लावलं.

बी झालं. आता शेण. पण शिबिराचं सगळं शेण खताच्या ढिगात घातलेलं, त्यात पाला, गूळ, बेसन, काय काय! त्याची गवरी थापली असती तं लोकाईनं खाल्ली असती. ताजं पायजे होतं. कोठ्यात एकच गाय बांधून होती. मी टोपलं घेऊन तिच्या मागं जाऊन बसली. आमच्या याईनं पाह्यलं.

"येथी काय करून राहिली वं?"

"वाट पाहून राहिली."

"कोणाची?"

"हिची."

ते गाईकडे पाहत थोडा वेळ उभे राहिले. "शिबिरात हे भी शिकवतेत का?" असं म्हणून गेले. गायीनं मले पाऊण घंटा बसवलं. तिच्यासाठी काय, ती तं तेथीच राहणारी होती!

पाच गवऱ्या थापल्या. वाळवाले उन्हात दोन दिवस लागतेत, अन् माह्यापाशी दोन घंटे होते. मंग चुलीवर मोठा तवा ठिवला, अन् गवऱ्या शेकाले घातल्या. उलटून पालटून. कडा नीट वाळल्या पायजे म्हणून दाबून दाबून. आमचे हे भुकेलेले, मागून आले.

"वा! आज जाड भाकरी का?" अन् एक उचलली.

मी त्यांच्या हातावर मारलं. लगनानंतर पहिल्यांदा! "सोडा! ते बी हाय!"

"तव्यावर?"

"आत्याबाईनं असंच सांगतलं हाय."

आत्याबाईचं नाव घेतलं का आमचे हे पुढं विचारत नसत. गवरी ठेवली, हाताचा वास घेतला, अन् गेले हात धुवाले.

तीन वाजले. फटफटी आली. आत्याबाई उतरल्या. नाकावर नवा काळ्या काडीचा चष्मा, अन् नजर अशी चहूकडे फिरून राहिली, जसं काही वावर मोजाले आल्या. पहिलेच म्हणाल्या, "कौसल्ये, तुह्ये हात काहून लाल वं?"

"श्रमदान, आत्याबाई."

मांडवात मी उभी राहिली. चाळीस माणसं समोर. मी बोलली, का आम्ही पिकलं वांगं असं निवडतो, शेण असं कालवतो, भितीले असं लावतो. (कधी केलं नव्हतं, पण अठरा वर्ष चोरून पाह्यलं होतं!) बोलता बोलता मले भी खरं वाटाले लागलं. सर म्हणाले, "आणि ज्यांच्या हातचं हे बी, त्या आजी स्वतः आल्या आहेत! आजी, पहिली गोवरी तुम्हीच फोडा."

आत्याबाई उठल्या. गवरी हातात घेतली. चष्म्याजवळ आणली. गवरी अजून कोमट होती.

त्याईनं माह्याकडे पाह्यलं. मी खाली पाह्यलं.

गवरी फोडली. एक दाणा काढला, पदरानं पुसला, अन् बी पारखाले जुन्या बाया करतेत तसा दाताखाली धरून कचकन चावला.

आत्याबाईचे कान लाल झाले. मंग नाक. मंग दोन्ही डोळ्यातून पाणी वाहाले लागलं, चष्म्याखालून सरळ हनुवटीपर्यंत.

"आजी! काय झालं?"

"काही नाई गा बापू," आत्याबाई म्हणाल्या. आवाज कोठून तरी खोलातून आला. "माह्या सासूची आठवण आली. हेच बी हाय आमचं. वाटा."

काय सांगू! बाया रडल्या. सराईनं भी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "एका दाण्यात किती पिढ्या असतात!" चाळीस पुड्या बांधल्या, अन् चिमूट चिमूट मिरची वाटली. लोकं पुडी कपाळाले लावून घेऊन राहिले होते.

वाटप झालं तसं आत्याबाईनं मले कोठ्यामागं नेलं. मी म्हटलं, आता झालं. मनात सामानाची गाठोडी भी बांधून ठिवली.

"पाणी आण पहिले," त्या म्हणाल्या. तीन लोटे पिल्या. "आता सांग. माह्या गवऱ्या कोठी हायेत?"

मी सगळं सांगतलं. ढीग, कुंकू, अंधार, चहा. एक शब्द लपवला नाई. "हाकला मले," मी म्हटलं. "पण चहा मी जाणून नाई केला."

आत्याबाईचं पोट हालाले लागलं. मंग खांदे. अठरा वर्षात मी त्याईले हसताना पाह्यलं नव्हतं, म्हणून मले पहिले वाटलं, मिरची अजून उतरली नाई.

"अवं बैताडे," त्या म्हणाल्या, "त्या गवऱ्यात काहीच नव्हतं!"

"काय?"

"माह्या सख्ख्या जावेले देलं नाई म्या ते बी, अन् चाळीस अनोळखी लोकाईले देईन? जळणाच्या पाच गवऱ्या काढल्या न् बांधून देल्या. कोरड्या होत्या ना? म्या निवडूनच देल्या होत्या. म्हटलं, वाटप झाल्यावर लोकं काय पेरतेत, काय उगवते, कोण पाहाले बसलं! अन् आज आली तं भीतभीतच आली, का गवरी फुटली, अन् आतून काही निघालं नाई तं इज्जत जाईन. तुह्या गवरीतून बी निघालं तं मले भोवळच आली!"

मले राग यायले पायजे होता. केळीचा खड्डा, मिरच्या, गाय, पाऊण घंटा! पण रागवाले हातवारे करा लागतेत, अन् माह्ये दोन्ही हात रुखमानं आग उतराले आणून देलेल्या दह्याच्या गंजात बुडवून होते.

आत्याबाईनं पदरानं डोळे पुसले. मंग एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "खरं बी कोठ्याच्या भितीले नाई. ते लोकाईले दाखवाले हाय. खरं घरातल्या दिव्याच्या देवळीच्या मागं, पोपडा आलेल्या जागी. येत्या पावसात तूच काढशीन. जे बाई एका बियासाठी एवढं खोटं बोलू शकते, तिच्यापाशी बी राहीन."

एवढं बोलून त्या फटफटीवर बसल्या न् गेल्या. मी दह्यात हात घालून कोठ्यामागं उभी राहिली. तेव्हा मात्र रडली थोडी. मिरचीचं निमित्त होतंच.

त्या पावसात मी देवळीमागून गवरी काढली, पेरली. थंडीत भरीत झालं. त्याच थंडीत सराईचं पोस्टकार्ड आलं. आमच्या याईनं ओसरीत मोठ्यानं वाचलं. आत्याबाई चष्मा लावून ऐकून राहिल्या.

सराईनं लिहिलं होतं, का ताई, आपले बियाणे घरोघरी उत्तम उगवले. सर्वत्र वांग्याऐवजी मिरच्या लागल्या आहेत. निसर्गाचे हे रहस्य आम्हाला अजून उलगडलेले नाही. पुढील शिबिरात आपण शिकवायला यावे, ही विनंती.

आमच्या याईनं कार्ड खाली ठेवलं, अन् माह्याकडे अन् त्यांच्या मायकडे आळीपाळीनं पाह्यलं. आत्याबाई भितीकडे तोंड करून हालून राहिल्या होत्या.

मी काही गेली नाई. जाऊन शिकवू काय त्याईले? चहा करणं?